टॉर्पेडो आधी, बोट नंतर : चाळीस फुटी टॉर्पेडो बोट कागदावर कशी आखावी

नवखा माणूस टॉर्पेडो बोट काढायला बसला की आधी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, काढतो. चांगली सुरीसारखी. मग धुराडं, मग पुढे एक तोफ, आणि सगळं सजवून झालं की टॉर्पेडोला जागा शोधत बसतो. माझी पहिली बोट अशीच झाली होती. पाच मीटरचा टॉर्पेडो कुठेच बसेना, म्हणून शेवटी तो डेकवर तिरका ठेवला आणि बोटीचं रूप पार गेलं.

जुन्या लढाऊ बोटी कागदावर आखायची किंवा त्यांची चालती मॉडेल करायची हौस असलेल्यांसाठी हा लेख आहे. त्यातही ज्यांनी याआधी एकही बोट आखलेली नाही त्यांच्यासाठी. आलेख कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर एवढं सामान पुरतं. स्प्रिंगशार्पसारखा हौशी लोकांचा प्रोग्रॅम असेल तर या कामापुरता बाजूला ठेवा. तो पाण्यात बसून चालणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी आहे, आणि आपली बोट पाण्यावर चढून पळणार आहे.

नमुना म्हणून मी ब्रिटिश नौदलाची १९१६ ची चाळीस फुटी कोस्टल मोटर बोट घेतली आहे. तिला लाडाने आणि कंटाळ्यानेही सगळे सीएमबीच म्हणतात. टॉर्पेडोने मोठं जहाज बुडवलेल्या याहून लहान बोटी फार सापडणार नाहीत.

पहिली पायरी : तुमच्या बोटीला कोण उचलणार?

लहान बोट लहान का असते, याचं उत्तर आधी लिहून काढा. नुसतं 'लहान हवी म्हणून' असेल तर ती दर आठवड्याला थोडी थोडी वाढत जाते.

सीएमबीच्या बाबतीत उत्तर अगदी रोखठोक होतं. १९१५ मध्ये इंग्लंडच्या हार्विच बंदरातल्या ताफ्यातल्या तीन तरुण लेफ्टनंटांनी कल्पना मांडली, की जर्मन आरमार आपल्या सुरुंगांच्या पट्ट्यामागे बसलं आहे, तर अगदी उथळ बुडाची बोट त्या सुरुंगांवरून आत न्यावी. तिथवर पोचवायचं काम हलक्या क्रूझरचं. क्रूझरच्या कडेला डेव्हिट असतात, म्हणजे बोट टांगायचे वाकडे लोखंडी हात. तिथे एरवी तीस फुटी मोटरबोट लटकलेली असे. ती काढून जागा मिळणार होती, पण डेव्हिटला जेवढं पेलतं तेवढंच. त्यामुळे अट आली : टॉर्पेडो, पेट्रोल सगळं धरून सव्वाचार टन. वेग किमान तीस नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). ब्रिटिश टन आपल्या मेट्रिक टनापेक्षा किंचित मोठा, म्हणून आपल्या हिशेबात हे साधारण ४,३०० किलो.

४,३०० हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि त्याभोवती चौकट काढा. पुढचं सगळं त्याच्या आत.

याआधीच्या टॉर्पेडो बोटी वाफेच्या होत्या आणि त्या मानाने प्रचंड. हिंदुस्थान सरकारसाठी १८८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अशा काही बोटी बांधल्या होत्या आणि त्यांतल्या एकीचं नाव चक्क 'मराठा' होतं. नाव वाचून मला तीच आखायची हुक्की आली होती. पण ती शंभर फुटांच्या वरची, बॉयलरवाली. बॉयलर, पाणी, कोळसा आणि कोळसा ओढणारी माणसं घेऊन सव्वाचार टनांत कुणी तीस नॉट पळत नाही. पेट्रोल इंजिन आलं तेव्हाच हा खेळ शक्य झाला.

दुसरी पायरी : टॉर्पेडो निवडा

त्या काळात लहान बोटीसाठी दोनच खरे पर्याय होते. चौदा इंची टॉर्पेडो तीनशे किलोच्या आसपास भरतो. युद्धनौकांच्या वाफेच्या पिकेट बोटी, म्हणजे जहाजासोबतच्या पहाऱ्याच्या लहान बोटी, तो दोन्ही कडांना टांगून नेत. १९१५ च्या एप्रिलमध्ये दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत 'ई १५' ही ब्रिटिश पाणबुडी शत्रूच्या किनाऱ्याला रुतली. ती तुर्कांच्या हाती लागू नये म्हणून 'ट्रायम्फ' आणि 'मॅजेस्टिक' या युद्धनौकांच्या अशाच दोन बोटी रात्री जाऊन तिला फोडून आल्या. म्हणजे चौदा इंची अगदी टाकाऊ नव्हता. पण रुतून बसलेली पाणबुडी वेगळी आणि चिलखती क्रूझर वेगळी.

दुसरा अठरा इंची : खरा व्यास ४५ सेंटिमीटर, लांबी पाच मीटरच्या पुढेमागे, वजन सुमारे ७०० किलो. आपण हाच घेऊ. एकच घेऊ. दोन घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. वजनाच्या हिशेबाला बसलात की तो आपोआप जातो.

आलेख कागदावर आधी हा पाच मीटरचा टॉर्पेडो काढा. एक सेंटिमीटरला वीस सेंटिमीटर असं प्रमाण घेतलंत तर तो कागदावर २५ सेंटिमीटर येईल आणि सगळी बोट ६१. दोन कागद चिकटवावे लागतील, पण यापेक्षा लहान काढू नका. बारीक चित्रात सगळंच मावतं.

तिसरी पायरी : तो पाण्यात जाणार कसा?

इथे घाई करू नका, कारण सगळ्या बोटीचा आकार इथे ठरतो.

नेहमीची पद्धत म्हणजे नळी : टॉर्पेडो नळीत ठेवायचा आणि हवेच्या किंवा दारूच्या जोराने पुढे फेकायचा. पण नळीचंच वजन एवढं की सव्वाचार टनांत ती बसत नाही. शिवाय चौतीस नॉटने पळणाऱ्या बोटीने पुढे टॉर्पेडो टाकला, तर तो पाण्यात बुडी मारून वेग धरेपर्यंत बोट त्याच्या डोक्यावरून जाईल.

दुसरी पद्धत इटालियन लोकांनी त्यांच्या एमएएस या लहान टॉर्पेडो मोटरबोटींवर वापरली. दोन्ही कडांना चिमटे, चिमटे उघडले की टॉर्पेडो बाजूला पाण्यात पडतो. साधी, हलकी आणि खात्रीची. लुईजी रिझ्झो याने १९१७ च्या डिसेंबरमध्ये त्रिएस्तेच्या बंदरात शिरून 'वीन' हे ऑस्ट्रिया-हंगेरीचं जहाज असंच बुडवलं, आणि १० जून १९१८ ला प्रेमुदा बेटाजवळ 'सेंट इस्तव्हान' ही वीस हजार टनांची युद्धनौकाही. पण टॉर्पेडो बाहेर टांगलेला असला की लाटा त्याला मारत राहतात, आणि तो सोडायला वेग उतरवावा लागतो. रिझ्झोच्या शिकारीत चोरपावलांनी जाण्याला महत्त्व होतं. काही एमएएस बोटींवर तर आवाज न करता सरकण्यासाठी छोट्या विजेच्या मोटरी बसवल्या होत्या. तुमची बोट तशी असेल तर चिमटे घ्या आणि वेगाचा हव्यास सोडा.

तिसरी पद्धत सीएमबीची, आणि पहिल्यांदा ऐकली की कुणालाही चेष्टा वाटते. बोटीच्या मागच्या अर्ध्या भागात वरून उघडी पन्हळ. टॉर्पेडो तिच्यात, तोंड पुढे, शेपूट मागे. त्याच्या नाकाला टेकलेला पोलादी दांडा. दारूच्या काडतुसाचा बार झाला की दांडा टॉर्पेडोला मागे ढकलतो आणि तो शेपटाकडून पाण्यात पडतो. बोटीचा वेग अंगात असल्यामुळे तो पाण्यातही पुढेच निघतो. पडता पडता त्याचं इंजिन सुरू होतं, आणि आता तो बोटीच्या मागोमाग, तिच्याच रेषेत, पस्तीस ते चाळीस नॉटने येतोय. बोटीचा वेग चौतीस.

म्हणजे नेम धरायचा तो सगळ्या बोटीने, आणि बार झाला की सुकाणू फिरवून टॉर्पेडोला वाट द्यायची. चौतीस नॉट म्हणजे सेकंदाला साडेसतरा मीटर. चार सेकंद विचार केलात तर सत्तर मीटर गेले.

यातून चित्रात तीन गोष्टी येतात. पन्हळ सरळ आणि बोटीच्या मधल्या रेषेवर. तिचा तळ बोट उभी असताना पाण्याच्या पातळीच्या वर, म्हणजे आलेलं पाणी मागे वाहून जाईल. आणि सुकाणू मोठं व त्याचे सांधे दणकट, कारण ते एकदाच पण जिवावर बेतल्यासारखं फिरवायचं आहे.

चौथी पायरी : वजनाचा जमाखर्च

वाण्याच्या वहीसारखी वही करा. डावीकडे वस्तू, उजवीकडे किलो. माझी अशी आहे. टॉर्पेडो सोडून बाकीचे आकडे मी धरलेले आहेत, मूळ बोटीच्या कागदांतले नाहीत :

टॉर्पेडो ७००
पन्हळ, दांडा, काडतुसाची पेटी १५०
इंजिन, गिअर, शाफ्ट, पंखा, एक्झॉस्ट १,१५०
पेट्रोल ३००
तीन माणसं, त्यांचे जाड कपडे, पाणी २५०
मशीनगन, गोळ्या, नांगर, दोर, होकायंत्र १५०
बोटीचं लाकूड, खिळे, रंग १,३५०
शिल्लक २५०

बेरीज ४,३००. 'शिल्लक' या ओळीवरून नवीन लोक माझ्याशी वाद घालतात. चांगले अडीचशे किलो कशाला मोकळे सोडायचे? कारण लाकूड पाणी पितं, रंगाचे थर चढतात, कुणीतरी जास्तीची हत्यारं आणतं. कागदावर शिल्लक ठेवली नाहीत तर बोट ती तुमच्या वेगातून वसूल करते.

आता दुसरा टॉर्पेडो घालून बघा. त्याचं वजन आणि पन्हळ मिळून साडेआठशे किलो. शिल्लक सगळी गेली, पेट्रोल सगळं गेलं, माणसं तिघंही उतरली तरी अजून पन्नास किलो जास्त होतात. सीएमबी बांधणाऱ्या थॉर्नीक्रॉफ्ट कंपनीने दोन टॉर्पेडोंसाठी पुढे वेगळी पंचावन्न फुटी बोट काढली, दोन इंजिनांची, अकरा टनांच्या आसपासची. ती डेव्हिटवर टांगता येत नव्हती.

पाचवी पायरी : वेग

पाण्यात बसून चालणारी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. तिचा साधा हिशेब : पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. चाळीस फुटांना साडेआठ नॉट येतात. यापुढे ताकद वाढवत गेलात तर बोट वेगाने जाण्याऐवजी बूड टेकून नाक वर करते. पंधरा-वीस नॉटच्या दरम्यान हा चढ सगळ्यात कठीण असतो. तो ओलांडला की बोट पाण्यावर चढते आणि घसरत पळते.

चढून पळणाऱ्या बोटीसाठी क्राउचचं सूत्र वापरा. वजन पौंडांत घेऊन अश्वशक्तीने भागा, वर्गमूळ काढा, आणि एका ठरावीक आकड्याला त्याने भागा. साध्या स्पीडबोटीला तो आकडा १५० ते १९०, शर्यतीच्या बोटीला २१०, पायरीच्या तळाच्या बोटीला (ही पायरी काय ते पुढे येईल) २२० धरतात. आपले ४,३०० किलो म्हणजे ९,४८० पौंड. सीएमबीचं इंजिन २५० अश्वशक्तीचं. भागाकार ३७.९, वर्गमूळ ६.१६. मी २१० धरतो : ३४ नॉट. खऱ्या बोटी याच घरात पळत, त्यामुळे सूत्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता टॉर्पेडो गेल्यावरचा वेग काढा. ३,६०० किलो, म्हणजे ३७ नॉटच्या वर. पळून जाताना तीन नॉट फुकट मिळतात.

बोटीचा पंखा मी इथे झटपट उरकतो. शाफ्ट मिनिटाला १,३०० फेरे घेतो असं धरा, म्हणजे सेकंदाला २१.७. पाणी निसटतं म्हणून पाचवा हिस्सा वजा. साडेसतरा मीटर पुढे जायचं तर एका फेऱ्याला एक मीटर पल्ला हवा. एवढं लिहून पुढे चला. व्यास, पाती, बुडबुडे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि मला त्यात हात घालायचा नाही.

सहावी पायरी : तोल, आणि तो दोनदा

नवखे लोक इथे चुकतात. मीही चुकलो होतो.

बोटीच्या मागच्या टोकापासून प्रत्येक वस्तूचं अंतर मोजा, वजनाने गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि एकूण वजनाने भागा. गुरुत्वमध्य मिळतो. माझ्या मांडणीत टॉर्पेडोचा मध्य मागून २.७ मीटरवर आहे, त्याच्यापुढे माणसं, त्यांच्यापुढे इंजिन ६.२ मीटरवर. सगळं धरून बोटीचा गुरुत्वमध्य ५.३ मीटरवर येतो. बहुतेक जण इथे खूश होऊन थांबतात.

थांबू नका. टॉर्पेडो काढा. ४,३०० गुणिले ५.३ म्हणजे २२,७९०. त्यातून ७०० गुणिले २.७, म्हणजे १,८९० वजा. राहिले २०,९००. त्याला ३,६०० ने भागा : ५.८ मीटर. एका क्षणात, पूर्ण वेगात, सुकाणू फिरवण्याच्या बेतात असताना बोटीचा तोल अर्धा मीटर पुढे सरकला.

आता तळाकडे वळू. थॉर्नीक्रॉफ्टची बोट सपाट तळाची नव्हती. तळाला मध्याच्या जवळ आडवी पायरी होती. वेगात पाणी त्या पायरीवरून सुटतं आणि मधला तळ कोरडा राहतो. बोट दोन जागी टेकते : पायरीच्या पुढचा भाग आणि अगदी मागचं टोक. पाण्याला टेकणारा तळ कमी, म्हणून घर्षणही कमी. ही कल्पना कंपनीने युद्धाआधी 'मिरांडा ४' या शर्यतीच्या बोटीवर वापरून पाहिली होती.

म्हणजे बोट दोन खुंटांवर ठेवलेल्या फळीसारखी झाली. गुरुत्वमध्य दोन खुंटांच्या मध्ये असेल तोवर ठीक. पुढच्या खुंटाच्या पुढे गेला की फळी उलटते.

मागचा आधार टोकापासून ०.६ मीटरवर धरा. पुढचा आधार कुठे? भरलेल्या बोटीसाठी ५.६ पुरेल असं वाटतं, कारण गुरुत्वमध्य ५.३ ला आहे. पण टॉर्पेडो गेला की तो ५.८ ला जातो, आधाराच्या पुढे, आणि बोट सदतीस नॉटने नाक पाण्यात खुपसते. म्हणून पुढचा आधार ६.३ ला न्या. भरलेली असताना पुढच्या आधारावर ४.७ भागिले ५.७, म्हणजे ८२ टक्के भार. रिकामी असताना ५.२ भागिले ५.७, म्हणजे ९१ टक्के. दोन्ही वेळी मागच्या टोकावर थोडा तरी भार आहे, बोट उलटत नाही. पायरीची कड या आधाराच्या किंचित मागे, साधारण ५.९ ला काढा.

पेट्रोलची टाकी मात्र गुरुत्वमध्याच्या जवळच. तीनशे किलो पेट्रोल जळतं तेव्हा तोल आणखी हलायला नको.

लाकूड, पेट्रोल आणि बाकीचं

हे भराभर सांगतो. लांबी १२.२ मीटर, रुंदी २.६. त्या काळी अशा बोटींचं अंग पातळ महॉगनी फळ्यांच्या दोन थरांचं करत. थर तिरपे, मधे तेल लावलेलं कापड. पायरीच्या जागी तळ मोडतो तिथे बरगड्या दुप्पट जवळ घ्या, सगळा मार तिथे बसतो. बोट उभी असताना तिचं अंग पाण्यात जेमतेम ३५-४० सेंटिमीटर बुडेल, पंखा आणि सुकाणू धरून ९० च्या आसपास. हेच तिचं चिलखत. सुरुंग तिच्या खाली राहतात.

पेट्रोल : पूर्ण ताकदीला तासाला ७५ किलो धरा. तीनशे किलोत चार तास. एक तास हाताशी ठेवून तीन तास, म्हणजे जाऊन-येऊन शंभर सागरी मैल. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती तळात जाऊन बसते. इंजिनच्या खोलीला वरून एक आणि तळापासून एक अशी हवेची वाट काढा. चित्रात ती फार थोड्यांनी दाखवलेली असते.

मशीनगन लहान ठेवा. ११ ऑगस्ट १९१८ ला हार्विचच्या ताफ्याबरोबर गेलेल्या सहा सीएमबींना जर्मन विमानांनी फ्रिझियन किनाऱ्याजवळ गाठलं. बोटींवर लुईस गन, म्हणजे हलक्या मशीनगन, होत्या, त्या चालवल्याही, पण सहातली एकही बोट परत आली नाही. आणखी एक गन असती तर निकाल बदलला असता असं मला वाटत नाही.

सातवी पायरी : माणसाच्या हाताला जागा

कागदावर यंत्रं बसवताना आपण हात विसरतो. जून १९१९ मधली बाल्टिक समुद्रातली एक रात्र बघा. लेफ्टनंट ऑगस्टस एगार सीएमबी ४ घेऊन फिनलंडच्या तेरिओकीहून निघाला. लक्ष्य होतं क्रोनश्टाट या रशियन नौदलाच्या तळापाशी उभी असलेली रशियन क्रूझर 'ओलेग'. बोटीत तिघेच : तो, एक सब-लेफ्टनंट आणि मेकॅनिक. पहाऱ्याच्या डिस्ट्रॉयरांच्या जवळ असताना काडतुसाचा बार आपोआप झाला. पन्हळीतल्या अडसरांनी टॉर्पेडो धरून ठेवला म्हणून तो गेला नाही. पण आता दांड्याला ढकलायला काडतूस नव्हतं. बोट थांबवली. लाटांवर हेलकावे खात, अंधारात, वीसेक मिनिटं खपून नवीन काडतूस बसवलं. मग पुढे जाऊन 'ओलेग' बुडवली. एगारला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती चाळीस फुटी बोट इंग्लंडमध्ये अजून जपून ठेवलेली आहे.

ही गोष्ट मी शौर्यासाठी सांगत नाही. काडतुसाची पेटी तुम्ही कुठे ठेवली आहे ते बघा. अंधारात, हलत्या बोटीत, जाड कोट घातलेल्या माणसाचा हात कोपरापर्यंत तिथे जातो का? हाताच्या आकाराचा पुठ्ठा कापा, तुमच्याच प्रमाणात, आणि चित्रावर सरकवून बघा. मग पन्हळीतले अडसर काढा, ठळक. बहुतेक चित्रांत ते नसतातच, आणि त्या रात्री सगळं त्यांच्यावरच तगून होतं.

आठवी पायरी : तळ्यावर न्या

थॉर्नीक्रॉफ्ट घराण्याच्या कर्त्या पुरुषाने, सर जॉन यांनी, आइल ऑफ वाइटवरच्या आपल्या घराच्या आवारात मॉडेल ओढून बघायची सोय केली होती. आपल्याला शेततळं पुरतं.

प्रमाण १:१२ घ्या. लांबी एक मीटर येते. वजन मात्र बाराने नाही, बाराच्या घनाने, म्हणजे १,७२८ ने भागायचं : ४,३०० किलोचे अडीच किलो होतात. वेग बाराच्या वर्गमुळाने भागा. चौतीस नॉटचे ताशी १८ किलोमीटर येतात. एवढा वेग रिमोटच्या बोटींची साधी ब्रशलेस मोटर देते.

टॉर्पेडो म्हणजे ४२ सेंटिमीटरची प्लंबिंगच्या दुकानातली ४० मिलिमीटरची पाइप, आत वाळू भरून ४०५ ग्रॅम. दोन्ही टोकांना टोपणं. पन्हळीत स्प्रिंग लावून एका सर्व्होने तिचा खटका सोडवायचा.

माझ्या पहिल्या मॉडेलची पायरी भरलेल्या बोटीच्या हिशेबाने बसवली होती, पुढचा आधार ५.६ वाली. शेजारच्या गावातल्या एका शेततळ्यावर सकाळी वारा नसताना सोडली. धावली फार सुंदर. खटका सोडला, पाइप मागे सुळकन गेली, आणि पुढच्याच क्षणी बोट नाकावर उभी राहिली. काठावरचा पोरगा म्हणाला, "काका, बदकावाणी डुबकी मारली की!" मोटर आणि रिसीव्हर दोन्ही गेले. घरी येऊन हिशेब पुन्हा मांडला तेव्हा वरचा अर्धा मीटर सापडला. पायरी सहा सेंटिमीटर पुढे नेली, आणि पुढच्या खेपेला नाक वर राहिलं.

चाचणी घेताना क्रम असा ठेवा : आधी टॉर्पेडोशिवाय चालवा, मग टॉर्पेडोसकट पण न सोडता, मग अर्ध्या वेगात सोडून, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण वेगात सोडून सुकाणू फिरवत. फोनवर स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ घ्या. डोळ्याला जे एका झटक्यात गेल्यासारखं वाटतं, ते पडद्यावर नीट मोजता येतं.

पाइपचं आकारमान साधारण सव्वापाचशे मिलिलिटर आणि वजन ४०५ ग्रॅम, त्यामुळे ती तरंगते, गोळा करता येते. पण टोपणं नुसती दाबून बसवू नका, सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. माझी पहिली पाइप अजून त्या शेततळ्याच्या तळाशी आहे.